अकरा फ्रेम

डबा उघडताच सडलेल्या फिल्मचा व्हिनेगरसारखा वास अंगावर आला. फिल्मसंग्रहातल्या तंत्रज्ञ बाईने मास्क वर ओढला, रिळाची कड बोटाने दाबून पाहिली आणि मान हलवली.

"काकू, याची वडी झालीय. आता सुटायची नाही."

"नीट बघ गं. आणखी दोन ठिकाणांहून हेच ऐकून आलेय मी."

स्टुडिओत या काकूंना सगळे कात्री म्हणत. बत्तीस वर्षं ती संकलनाच्या खोलीत साहाय्यक होती. नवरा क्लॅप द्यायचा. शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरायची, नंबर पुकारायचा, वरची फळी खाडकन आपटायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं नाव पडलं टाळी. लग्नाला आलेला कॅमेरामन म्हणाला होता, हा सुरू करणार आणि ही तोडणार, संसार कसा व्हायचा? संसार चांगला झाला. आठ महिन्यांपूर्वी टाळी गेला.

वर्षभरात गेलेल्या मंडळींची फीत चित्रपट कामगारांची संघटना दरसाल एका कार्यक्रमात दाखवी. प्रत्येकाला चार सेकंद. यंदा साहेब गेले होते, म्हणजे सभागृह भरणार. साहेब म्हणजे ज्यांच्या नुसत्या पाठमोऱ्या चालीवर लोक शिट्ट्या मारत, ते नायक. बाकीच्यांसाठी संघटनेच्या चिटणिसांनी नियम सांगितला होता. कामाच्या जागचं हलतं चित्र हवं, घरचा फोटो चालणार नाही. ज्यांचं मिळणार नाही त्यांची नावं शेवटी 'आणि इतर' या मथळ्याखाली सरकत जातील. मुदत आज पाचची.

"वहिनी, तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असणार?" चिटणीस अगदी मनापासून म्हणाले होते.

चार दिवस ती झोपली नव्हती ती या एका वाक्यामुळे.

टाळी हजारो वेळा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता आणि प्रत्येक वेळी तिनेच त्याला कापलं होतं. चित्र एका फितीवर, आवाज दुसऱ्या फितीवर. फळी आपटते ती फ्रेम शोधायची, आपटल्याचा आवाज शोधायचा, दोन्ही जुळवायचे. जुळले की टाळीचं काम संपलं. तेवढा तुकडा कापून डावीकडच्या टोपलीत टाकायचा. दिवसाला वीस शॉट धरले तरी बत्तीस वर्षांचा गुणाकार लाखाच्या वर जात होता. तो गुणाकार तिने एका पहाटे केला आणि मग उठून बसली. टोपल्या महिनाअखेरीस भट्टीत जात.

त्याने एकदा विचारलंही होतं, एखादा ठेव की घरी. ती म्हणाली होती, कचरा कशाला घरात?

पाटीआडून तो तिला खुणा करायचा. पाटी हनुवटीला टेकवून डावी भुवई वर केली, म्हणजे आज यायला उशीर होईल. फिल्म धुऊन यायला एक दिवस लागे, त्यामुळे तो काल उशिरा आला होता हा निरोप तिला आज मिळायचा. ती हसायची आणि कापायची.

साहेबांचा एक चित्रपट अर्धवट बंद पडला होता. त्याला कात्री लागलीच नव्हती, म्हणजे पाटीचे तुकडे त्यात शाबूत असणार. हा डबा त्यातला, शेवटचा.

"गरम करून बघू का?" तिने विचारलं.

"गरम केलं तर आणखी आकसेल, काकू. आधीच दोन टक्के आकसलीय. यंत्राचे दातही बसायचे नाहीत हिच्या भोकांत. हाताने सोलायला गेलो तर तुकडे पडतील. आणि संधी एकदाच."

"मग मी सोलते."

"काकू, नियमात..."

"बाई गं, मी याला लाखभर वेळा तोडलंय. आणखी एकदा तुटला तर माझ्याच हातून तुटू दे."

तंत्रज्ञ बाईने प्रकाशाचं टेबल लावलं आणि सोलायला एक पातळ बोथट सुरी काकूंच्या हातात दिली.

फिल्म कुरकुरत सुटायला लागली. एका वेढ्यावरचं चित्र दुसऱ्या वेढ्याच्या पाठीला चिकटून खरवडून निघत होतं. हाताशी येत होती ती काचेसारखी कोरी पट्टी. वीतभर कोरी, हातभर कोरी. साहेब कुठेच नव्हते. तीन वाजले, चार वाजले. साडेचारला पट्टीवर काहीतरी काळं दिसलं.

तंत्रज्ञ बाईने भिंग पुढे सरकवलं आणि मोजलं. अकरा फ्रेम. पाटी, पाटीमागे दोन डोळे. बाराव्या फ्रेमपासून पुन्हा कोरं. फळी खाली यायला निघाली होती, पोचली नव्हती.

"डोळ्यांवर काय झालंय यांच्या? भुवई अशी का?"

"उशीर होईल म्हणतोय," कात्री म्हणाली.

चिटणिसांना फोन लावला. ते अडचणीत पडले. अकरा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंदही नाही, वहिनी, पापणी लवेस्तोवर गेलेलं असेल, कुणाला दिसणार? हवं तर एक फ्रेम गोठवून चार सेकंद ठेवू. तंत्रज्ञ बाई मान डोलावून सांगत होती की तसं करता येईल.

"गोठवू नका," कात्री म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर तो कधी थांबला नाही. तेवढ्याच अकरा लावा."

"पण कुणाला दिसणार?"

"दिसेल. मला सवय आहे."

फोन ठेवल्यावर तिने कात्री मागितली. अकराव्या फ्रेमच्या रेषेवर पातं बसवलं आणि कापलं. तुकडा डाव्या हातात आला आणि हात आपसूक डावीकडे, टेबलाखाली, टोपलीच्या जागी गेला. तिथे टोपली होती. तो हात तसाच हवेत राहिला.

मग तिने तो मागे घेतला, तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला, आणि उजव्या हाताने साहेबांची उरलेली सगळी कोरी फिल्म गोळा करून टोपलीत सोडली.