अठरा हातांचा उतार

रेवसच्या धक्क्यालगत धर्माजीचं जाळी-दोऱ्याचं दुकान. उधाणाचं पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या बापानं जोतं उंच घेतलेलं, पुढे तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांखाली, रस्त्यावर, चाकांच्या खुर्चीत बसून नूतन सहा वर्षं जाळी विणत होती. धक्का आणि होडी यांच्यामध्ये सापडून तिची कंबर चेचली, पाय मेले. हात मात्र तिच्याएवढे चपळ कोळीवाड्यात कुणाचे नव्हते. धर्माजी वरून दोऱ्याची गुंडी फेकायचा, कुत्र्याला तुकडा फेकावा तशी. वर जाऊन दोरा निवडणं तिला जमत नसे; कुजका आला की जाळं भर दर्यात फाटे, आणि नाव नूतनचं खराब होई.

विणता विणता ती गुणगुणे:

दर्या माझा बाप गं, वारा माझा भाऊ,
तीन पायऱ्या वैरिणी, दारी कशी जाऊ?

शेवटी तिनं मोबाईलवरून अर्ज केला. दुकानाला नोटीस आली: महिन्याभरात चाकांची खुर्ची चढेल असा उतार बांधा, नाहीतर परवाना रद्द.

धर्माजी चिडला, पण बसून राहिला नाही. होडी ओढायच्या दोन जाड फळ्या त्यानं पायऱ्यांवर टाकल्या. भरलेली होडी ज्यांवरून सरसर चढते, त्यांवरून एवढीशी खुर्ची चढणार नाही? होडी घसरावी म्हणून वीस वर्षं मुशीचं तेल प्यायलेल्या फळ्या त्या.

"चढा आता, राणीसरकार."

नूतन चढली. अर्ध्या फळीपर्यंत. मग चाकं जागच्या जागी फिरली, खुर्ची मागे उलटली आणि तिचं डोकं धक्क्याच्या दगडावर आदळलं, ओल्या फळीवर मासा आपटावा तसं.

तिचा भाऊ गणराज होडीतून वल्हं घेऊनच धावला. पहिला घाव धर्माजीच्या डाव्या खांद्यावर. आत काहीतरी मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा तोंडावर. दोन दात वाळूत पडले. धर्माजीनं जाळी कापायची सुरी काढून गणराजचा दंड उभा चिरला. धक्क्यावर मासे विकणारी ठमाबाई मध्ये पडली, तर तिची पाटी उडून बोंबील रक्तात पसरले.

"मेल्यांनो, पोर तिकडं मरतेय आणि तुमचा शिमगा चाललाय!"

कोण ऐकतो. गणराजनं त्याला लोळवलं, छातीवर गुडघा रोवला, त्याचा उजवा हात पायरीवर दाबला.

"मुद्दाम तेलाच्या फळ्या घातल्यास."

"आईशपथ न्हाय रे." धर्माजीच्या तोंडातून लाल बुडबुडे येत होते. "सकाळी तूच धरलीस ना दुसऱ्या बाजूनं? तुला तरी कुठं सुचलं?"

खरंच होतं ते. गणराजनंच फळीचं दुसरं टोक उचललं होतं. म्हणून तर त्यानं वल्हं आणखी वर नेलं.

"दादा."

आवाज वरून आला. नूतन दुकानाच्या दारात होती. कोपरांवर सरपटत तिन्ही पायऱ्या चढून गेली होती. मागे रक्ताची ओली वाट, आणि केसांतून अजून धार.

"त्याचा हात मोडू नको."

"तुझं डोकं फुटलंय नूतन."

"माझं डोकं माझ्याकडं हाय. हात त्याचा लागंल. उतार त्यालाच बांधायचा हाय." तिनं धाप टाकली. "उंची दीड हात. म्हंजे लांबी अठरा हात. एकाला बारा, असं कागदात लिवलंय."

धर्माजीनं रक्त थुंकलं. "अठरा हात? पार त्या चिंचेच्या झाडापर्यंत जाईल तो."

"जाऊ दे. चिंचेखाली सावली हाय."

गणराजनं वल्हं खाली टाकलं. चिरलेल्या दंडाला फडकं गुंडाळून तो घमेलं घेऊन उतारासाठी वाळू आणायला गेला. ठमाबाईनं पदर फाडून नूतनचं डोकं आवळून बांधलं. "दवाखान्यात चल," म्हणाली.

"जाईन. आधी दोरा बघते."

तिनं दुकानातल्या खालच्या कप्प्यातली गुंडी ओढली, टोक दातात धरून ताणलं. तुटलं. ती गुंडी तिनं दारातून खाली फेकली, थेट धर्माजीच्या पुढ्यात. दुसरीही फेकली.

तिसरी तुटली नाही.