पैलवानाचा वाण

सकाळपासून नजरवालीच्या पायाला भिंगरी लागली होती. डुकरांच्या शेडमधली बोळ तिनं झाडली, पुन्हा झाडली, पाण्याचे नळ उघडले, बंद केले, आणि परत झाडू हातात घेतला तेव्हा नवऱ्यानं विचारलं, की जमिनीनं तुझं काय घोडं मारलंय. ती झाडतच राहिली. एरवी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं.

नजरवाली हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. डुकरीण व्याली की ओली पिल्लं न्याहाळून ती बोट दाखवायची, हे वाढेल, हे रडतखडत जगेल. आणि तसंच व्हायचं. पैलवानालाही तिनं असाच निवडला होता. काय जनावर होतं ते! पाठीवर चरबीचा पत्ता नाही, मांड्या अशा भरलेल्या की दारातून तिरका काढावा लागायचा, आणि बरोबरीची पिल्लं अजून अर्धीच वाढलेली असताना हा वजनाला भरलेला. पैदाशीचा असा नर कुणाकडे नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. अभिमानानं माणूस आंधळा होतो म्हणतात. नजरवाली काही त्याला अपवाद नव्हती.

कारण इथंच तिनं एक उद्योग करून ठेवला. पैलवानाच्या मांड्या पुढच्या पिढीतही उतराव्यात म्हणून तिनं पैदाशीसाठी त्याच्याच लेकी त्याला दाखवल्या. बाहेरचा नर आणू का, असं नवऱ्यानं भीत भीत विचारलं होतं. खाण तशी माती, ती म्हणाली, मग एवढी चांगली खाण घरात असताना बाहेर कशाला खणायचं. त्या पिल्लांकडे बघून लोकांनी तोंडात बोटं घातली, तेव्हा नवऱ्यानंही तोंड मिटलं.

मिठाचा खडा टाकला तो तिच्या भावानं. भाऊ कत्तलखान्यात मांसाची प्रत ठरवायचा. तो किती दिवस तिच्या मागे लागला होता, की ताई, तुझ्या डुकरांचं मांस फिकट पडतंय, हुकाला टांगलं की पाणी गळतं, शिजवलं की आक्रसतं. ती म्हणायची, तुमची माणसं जनावरांना धसमुसळेपणानं हाकतात, आणि खापर माझ्या डुकरांवर फोडता. शेवटी त्यानं बसवून समजावलं. काही डुकरांत एक जीन असतो. तो मांड्या भरतो, चरबी कमी करतो आणि मांस नासवतो. आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर जनावर दिसायला देखणं आणि धडधाकट राहतं. दोघांकडून आला, की मग खैर नाही. जरा घाबरलं, दमलं, तरी त्याचं अंग लाकडासारखं ताठतं आणि खेळ खलास. एवढं सांगून त्यानं पैलवानाच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले आणि तपासणीला दिले. त्याचा निकाल आज येणार होता.

आणि नेमक्या आजच वन्सं यायच्या होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, चांगली नोकरी सोडून डुकरं पाळायला निघालेली. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, तेव्हा एकटी नजरवाली पाठीशी उभी राहिली होती. तुम्ही या वन्सं, नर मी देते, म्हणाली होती. पैलवानाचेच, त्याच्याच लेकीच्या पोटचे दोन जवान नर ठरले होते आणि वन्संचा सगळा कळप त्या दोघांपासून वाढणार होता.

नवरा म्हणाला, निकालाचा फोन येईपर्यंत थांबू, निदान माझ्या ताईला कल्पना देऊ. संशयाची कसली कल्पना द्यायची, असं म्हणत ती त्याच्या अंगावर धावली. तिच्या मनात काय होतं ते सांगूनच टाकलेलं बरं. फोन यायच्या आत गाडी फाटकाबाहेर पडावी, एवढंच तिला हवं होतं. मग जे काही कळेल ते वन्संच्या तोंडाकडे न बघता तरी ऐकता आलं असतं. वाईट बाई नव्हती हो ती. भ्यायली होती.

वन्संची गाडी आली, गाडीला फळकुटांची चढण लागली. डुकराला घाई करायची नाही, मागे नुसती फळी धरायची आणि ते चालेल तसं चालायचं, हा धडा तिनंच आल्यागेल्या प्रत्येक गड्याकडून घोकून घेतलेला. पहिला नर चढणीला लागला आणि तिकडे ऑफिसात फोन वाजला. नवरा आत गेला. झालं, नजरवालीचा धीर सुटला. ती ओरडली, फळी आपटली, नराला मागून ढकलू लागली. तो बिथरून मागे वळला. तिनं पुन्हा रेटला. मग त्याची शेपटी थरथरली, कातडीवर लाल चट्टे उमटले, तोंड उघडून तो धापा टाकू लागला आणि मागचे पाय ताठ होऊन तिथंच कोसळला. दोघींनी पाणी ओतलं, सावली धरली. कशाचा उपयोग झाला नाही.

वन्संनी कपाळ पुसलं. "ऊन फार आहे गं. दमला बिचारा. दुसऱ्याला सावकाश चढवू."

घ्या, सुटका आयती चालून आली होती. उन्हावर ढकललं की झालं, ऊन काही साक्ष द्यायला येत नाही. नवरा फोन घेऊन दारात उभा होता, त्याच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मेलेल्या नराच्या त्या रुंद मांड्यांवर तिचा हात होता आणि त्या दगडासारख्या घट्ट लागत होत्या.

"ऊन नाही, वन्सं," ती म्हणाली. "हे मी जमवलंय. दुसऱ्याला हात लावू नका."

मग तिनं सगळं सांगितलं. भावाचं म्हणणं, केसांची तपासणी, बाप-लेकींची जोडी आणि गाडी लवकर जावी म्हणून केलेली घाईसुद्धा. वन्सं चढणीवरच बसल्या. म्हणजे मला हे कळू न देता तू देणार होतीस, त्यांनी विचारलं. हो, देणार होते, नजरवाली म्हणाली. त्यानंतर वन्संनी तिला जे सुनावलं ते तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

नवऱ्यानं निकाल सांगितला. पैलवानात तो जीन एकेरीच होता, म्हणजे त्याच्या जिवाला धोका नव्हता. पण त्याची पैदास आता बंद, आणि त्याच्या लेकी एकेक करून तपासाव्या लागणार. कोपऱ्यातल्या खणात पैलवान भिंतीला पाठ घासत, काही न झाल्यासारखा खाणं मागत होता. तिनं त्याला खाणं घातलं आणि तिथंच उभी राहून रडली.

बऱ्याच वेळानं वन्सं मागून आल्या. राग उतरला नव्हता, पण नोकरीही सोडलेली होती. "मग मी आता नेऊ काय?" त्यांनी विचारलं.

नजरवालीनं त्यांना मागच्या रांगेत नेलं. तिथं परक्या वाणाची, तिनं कधी ढुंकूनही न पाहिलेली जवान डुकरं होती. सगळ्यांचे केस तपासायला देऊ, तोवर थांबा, ती म्हणाली. वन्सं कठड्यावर हात ठेवून बघत राहिल्या. मग सवयीनं त्यांनी विचारलंच, की तुझ्या नजरेला यातला कुठला भरतो.

तिचं बोट आपोआप उचललं गेलं. "तो, रुंद पाठीचा," ती म्हणाली. "मला तोच आवडलाय. म्हणून आधी त्याचेच केस उपटा."