चुकलेल्या माशाची मालकी

ढाक्यातल्या इफ्तेखार मल्लिक यांच्या जाहिरात कचेरीत भिंतीवर सात मानचिन्हं होती. सातही मल्लिकभाईंच्या नावावर. चित्रकलेतली एकच गोष्ट त्यांना उत्तम जमत असे : सही.

चित्रं काढायची मेहेरुन्नेसा. मोहम्मदपूरच्या दोन खोल्यांत बसून, नोकरीवर नाही, कामापुरती. हिला हल्ली फ्रीलान्सर म्हणतात. त्यातलं ‘फ्री’ तेवढं लोकांच्या लक्षात राहतं. चित्राच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरात ‘मेहेर’ लिहायची, आणि न चुकता फोन यायचा, “आपा, झकास! फक्त तो कोपरा जरा स्वच्छ करून द्या.”

एकदा तिने धीर करून विचारलं, “भाई, खाली नाव राहिलं तर काय बिघडतं?”

“अहो आपा, आपण एक कुटुंब! घरात कोणी भांड्यांवर नाव घालतं का?”

मेहेरच्या आईच्या प्रत्येक भांड्यावर नाव होतं. पण ती गप्प बसली. वाचकहो, इथे आपणही गप्पच बसतो. पुढचं काम हातचं जाईल या भीतीला आपण समजूतदारपणा म्हणतो, आणि मुलांनाही तेच शिकवतो.

या खेपेला मात्र तिने बोलायचं ठरवलं होतं. दोन वर्षं खपून तिने सरकारच्या मासेमारी खात्यासाठी नद्यांतले चौसष्ट मासे काढले होते. त्यांचं पुस्तक महिनाअखेरीला छापायला जाणार होतं, आणि मुखपृष्ठावर ‘चित्रे : इफ्तेखार मल्लिक’ असं जुळवूनही झालं होतं. शब्द कसे मांडावेत याची ती उजळणी करत होती, तोच मल्लिकभाईंचा फोन आला.

“आपा, तुमचं पूर्ण नाव काय हो? दाखल्यावर असतं तसं.”

सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. तिने नाव तीनदा सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून ती कचेरीत गेली.

मल्लिकभाईंनी तिच्यापुढे कागद सरकवला. नाव खरंच छापलं होतं, आणि ठळक अक्षरांत. मजकूर असा : ‘सदर पोस्टरावरील चुकीचे चित्र मेहेरुन्नेसा खातून या बाहेरील चित्रकार महिलेने काढले असून त्यास आमची कंपनी जबाबदार नाही.’

चूक झाली होती खरी. इलिश माशाचं पिल्लू म्हणजे जाटका. मोसमात ते धरायला बंदी. त्याच खात्याचं, मेहेरनेच काढलेलं बंदीचं पोस्टर मेघना नदीच्या घाटाघाटावर लागलं, पण त्यावरचा मासा जाटका नव्हताच. तो होता चापिला, दिसायला भाऊ, पण वेगळ्या घरचा आणि बिनबंदीचा. चांदपूरच्या कोळ्यांनी टोपल्या भरभरून जाटका धरला आणि पहारेकऱ्यांना पोस्टर दाखवलं : “साहेब, या चित्रातल्या माशाला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही!”

“सही करा आपा,” मल्लिकभाई घाम पुसत म्हणाले. “अकरा वाजता खात्यात सुनावणी आहे. आज कोणीतरी काळ्या यादीत जाणार.”

“म्हणजे मी.”

“तुमचं काय जातं? तुम्हाला तिथे ओळखतंय कोण?”

मेहेरने कागद पुन्हा वाचला. सही केली, तर या खात्याचं दार कायमचं बंद आणि चौसष्ट मासे मल्लिकभाईंच्या जाळ्यात. नाही केली, तर मल्लिकभाईंचं दार बंद.

“सही करते,” ती म्हणाली. “चूक माझीच आहे. पण खाली एक ओळ वाढवा. पुस्तकातली चौसष्ट चित्रंही हिचीच.”

“आपा! वेळ-काळ बघून बोला!”

“वेळ तुम्ही निवडलीत भाई. माझं नाव एकाच कागदावर नाही लागायचं.”

कागद बिनसहीचाच राहिला. तो खिशात घालून मल्लिकभाई तिच्यासह रिक्षाने खात्यात पोचले.

खात्याच्या उपसंचालक खोदेजा मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. शेजारी चांदपूरच्या कोळ्यांचे पुढारी निवारण बर्मन, आणि समोर पुस्तकाच्या छपाईआधीच्या पानांचा गठ्ठा.

“मल्लिकसाहेब,” मॅडम थंडपणे म्हणाल्या, “गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून तुम्ही सांगितलंत, पहाटे बाजारात जाऊन मासा आणला, समोर ठेवून काढला. आठवतं?”

“ते… आणला म्हणजे… आमच्याकडून आणला गेला…”

“मॅडम, मी आणला,” मेहेर म्हणाली. सगळ्यांनी मान वळवली. “जाटका विकायला बंदी, म्हणून बाजारात तो ‘चापिला’ म्हणूनच विकतात. मी जाटका मागितला. मासेवाला म्हणाला, ‘जाटका नाही आपा, चापिला आहे.’ मी मनात म्हटलं, कळलं! घरी नेऊन खवला न् खवला काढला. तो खरंच चापिला होता. चूक माझी.”

निवारणदा खदखदून हसले. “अख्ख्या ढाक्यात खरं बोलणारा एकच मासेवाला, आणि तो नेमका तुमच्या वाट्याला!”

“हसण्यावारी नेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “मल्लिकसाहेब, चित्र कोणाचं?”

“चूक यांची, हे तर त्यांनीच…”

“मी चित्र विचारलं.”

मल्लिकभाईंचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. तेव्हा निवारणदा पुढे झुकले. “दादा, आमच्यात पण असे नाववाले असतात. जाळं भरून आलं की म्हणतात नाव माझी. भोक पडलं की म्हणतात, नाव वल्हवणाऱ्याची! अहो, भोक ज्याचं, नाव त्याची. यांना बुडायला बसवणार असाल तर मासेही यांचेच.”

निवारणदांनी पानांचा गठ्ठा ओढला आणि एकेक मासा बोटाने चाचपत चाळू लागले. चितळ, बोआल, पाबदा. एका पानावर बोट थांबलं. मेहेर पान बघायला पुढे वाकली. बोट पुढे सरकलं.

“चूक काही दिसत नाही,” ते म्हणाले.

“आणि उद्या एखादा निघाला चुकलेला?” मॅडमनी विचारलं.

“तर मला बोलवा,” मेहेर म्हणाली. “मला. यांना नाही!”

मल्लिकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई काळ्या यादीच्या दारात उभी राहून पुढच्या चुकाही मागून घेत होती! आपण जन्मात एक चूक स्वतःची म्हणून घेतलेली नाही, हे त्यांना बहुधा तेव्हाच जाणवलं असावं. त्यांनी तो खुलाशाचा कागद काढला आणि सावकाश दुमडून फाडला.

“मॅडम, चित्र यांचं. पोस्टरचंही, पुस्तकातली सगळीही. तपासणं माझं काम होतं. मी तपासलं नाही. मला जाटका ओळखता येत नाही.” आणि मग अगदी हळू, “माफ करा आपा.”

काळी यादी टळली; दोघांनाही लेखी ताकीद मिळाली, वेगवेगळ्या कागदांवर. पोस्टर नव्याने निघालं. पुस्तकावर नाव आलं : चित्रे – मेहेरुन्नेसा खातून.

पुस्तक निघून आठवडा झाला नाही, तोच सिल्हेटहून एका शाळामास्तरांचा फोन आला. “चित्रकार आपण का? आमच्या हावराच्या पाणथळीतल्या पाबद्याच्या मिशा याहून लांब असतात. हा काय निष्काळजीपणा!” मास्तर दहा मिनिटं रागावत होते. मेहेर “हो सर, माझंच चुकलं सर” म्हणत ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने तो सगळा ओरडा बहिणीला फोन करून शब्दशः, हसत हसत सांगितला.

नागरिकहो, नाव म्हणजे हार-तुरे नव्हेत. नाव म्हणजे जाब विचारायचा पत्ता. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालणारा चोर तर खराच, पण तो मूर्खही आहे, कारण ज्याचं उत्तर त्याला देता येणार नाही अशा प्रश्नाखाली तो सही करतो. आणि जे गप्प बसतात त्यांनीही ध्यानात ठेवावं : श्रेय मागायला संकोच वाटत असेल, तर आधी चूक मागून घ्या. ती द्यायला लोक एका पायावर तयार असतात. एकदा ती पदरात पडली, की बाकीचं काम तुमचं नाही असं म्हणण्याची कोणाची छाती होत नाही!