पांढऱ्या तसराळ्यातलं पाणी

मी एक जुनं तसराळं आहे, मित्रांनो. पांढऱ्या तामचिनीचं, निळ्या कडेचं. आता माझे टवके उडालेत, तळाला गंज धरलाय, पण एके काळी माझ्यात चेहरा दिसायचा.

लोखंडी पत्र्याला आकार देऊन, वर पांढरा लेप चढवून मला भट्टीत भाजलं. ती धग अजून आठवते. मग मला एका मोठ्या दवाखान्यात आणलं. जखमेवरून सोडलेल्या पट्ट्या धरून ठेवणं हे माझं काम. तिथल्या नर्सबाई नव्या मुलींना सांगायच्या, "पांढऱ्यात रंग लपत नाही. पट्टी आधी यात बघायची, मग धुवायची." हे ऐकलं की भाजल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

तिथेच वसमतजवळच्या खेड्यातली सिंधूबाई आली. लेकरू आडवं आलं होतं, पोट कापून मुलगी काढावी लागली. मुलगी ठणठणीत, सिंधूबाई मात्र पार पांढरीफटक. शेतात हळदीची काढणी चाललेली, म्हणून जखम पुरती भरायच्या आधीच घरच्यांनी तिला न्यायची घाई केली. तेव्हा नर्सबाईंनी मला तिच्या सासूच्या, द्वारकाबाईंच्या, हाती दिलं.

"जखमेला हळद लावू नका. पाणी उकळून घ्या. कडा लाल झाल्या, गरम लागल्या, पट्टीवर पिवळं-हिरवं दिसलं, वास आला, की तशीच गाडी जुंपा. वसमतचा कंपाउंडर येईल, त्याला पट्टी दाखवत जा."

द्वारकाबाईंनी सगळं ऐकलं. अंगणात हळदीचे ढीग होते, पण जखमेला हळदीचं बोट त्यांनी लागू दिलं नाही. पाणी उकळायच्या, हात धुवायच्या. सुनेवर जीव होता त्यांचा.

हरिचंद कंपाउंडर सायकलवर यायचा. पण बाईमाणसाचं पोट परक्या पुरुषाला कसं दाखवायचं? तो ओसरीवर बसे, सिंधूबाई आतल्या बाजेवर. मधे फक्त ती पट्टी. आणि ती पट्टी द्वारकाबाई माझ्यात रिठ्यानं चोळून, उन्हात वाळवून, घडी घालून त्याच्यापुढे ठेवायच्या. दाखवा म्हटलं होतं, त्या दाखवत होत्या.

"मावशी, तुमच्या पट्टीपुढं माझं धोतर लाजून राहिलं," हरिचंद हसायचा. "जरा न धुता ठेवत जा की."

"घाण का पाहुण्यासमोर ठिवायची, भाऊ? तुमी च्या घ्या."

"काही निघत न्हाई ना जखमेतून?"

"जरासं पाणी सुटते. भरून राहिलं आता."

चहा प्यायला की तो जायचा.

ते पाणी कसं होतं, हे मला ठाऊक होतं, मित्रांनो. आधी फिकं गुलाबी. मग जवळजवळ नितळ. मग एके सकाळी पाण्यात पिवळी रेघ दिसली. पुढे हिरवट झाक आली आणि वास आला. द्वारकाबाई नाकाला पदर लावायच्या आणि आणखी जोरात चोळायच्या. जितकी पट्टी मळकी, तितकी ती पांढरी करायची, एवढंच त्यांना कळत होतं. धुतलेली पट्टी पांढरी निघाली, म्हणजे नर्सबाईंनी सांगितलेलं पिवळं-हिरवं तिच्यावर नाही, असं त्या धरून चालल्या. पाणी त्या परसातल्या पपईच्या बुडाशी ओतून द्यायच्या. मला ओरडता आलं असतं तर!

"आत्याबाई, आतून ठणकून राहिलं," सिंधूबाई म्हणाली.

"हरिचंदभाऊला बोलावू का आत? पाहील तो."

"नका हो! मेल्याहून मेल्यासारखं व्हईल मला."

मग अंगात ताप भरला. शेजारणी म्हणाल्या, दुधाचा ताप आहे, उतरेल. उतरला नाही. सिंधूबाई लेकराला ओळखेनाशी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, गाडी जुंपली. आसना नदी ओलांडायच्या आधीच सिंधूबाईनं डोळे मिटले आणि गाडी परत फिरली.

हरिचंद भेटायला आला. शेवटची पट्टी माझ्यात तशीच पडून होती. धुवायला कुणाचे हात उठले नव्हते. त्यानं ती चिमट्यानं उचलली आणि उजेडात धरली.

"मावशी, ही मला काहून दाखवली न्हाई?"

"घाण व्हती, भाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना कळलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मी बी च्या पिऊन जात राहिलो," हरिचंद म्हणाला.

त्यानंतर मला कुणी घरात घेतलं नाही. परसात पपईखाली माझी जागा झाली. शेळीची करडं माझ्यातलं पाणी प्यायची. त्यांच्या खुरांनी टवके उडाले.

निजामाचं राज्य गेलं, त्या सालची गोष्ट. सिंधूबाईची मुलगी मंजुळा सात वर्षांची झाली होती. तिच्या मांडीवरचं गळू वसमतला कापावं लागलं. त्या दिवशी द्वारकाबाई परसात आल्या. मला उचललं, राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं.

दोन दिवसांनी हरिचंदची सायकल दाराशी आली, तेव्हा मंजुळाची सोडलेली पट्टी माझ्यात होती. आता त्याचे केस पिकले होते.

"आजी, नको दाखवू! घाण हाय ती," मंजुळानं तोंड झाकलं.

"असू दे घाण." द्वारकाबाईंनी मला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. "धुतली न्हाई, भाऊ. बराबर पहा. आन् जखम बी पहा. मी लेकराला धरते."

हरिचंदनं पट्टी पाहिली, वास घेतला. मग जखमेच्या कडेला उलटा हात लावला. "कड गरम लागते. आत पू हाय थोडा. आज कळलं ते बरं झालं." त्यानं जखम पुन्हा मोकळी केली. मंजुळा रडली, हातपाय झाडले, पण वाचली.

हरिचंद गेल्यावर द्वारकाबाईंनी ती पट्टी धुवायला घेतली. चोळता चोळता थांबल्या. माझ्यातल्या पिवळ्या पाण्यात त्यांच्या डोळ्यांतले थेंब पडत राहिले. हे पाणी त्यांनी तेव्हा कुणाला दाखवलं असतं, तर आज लेकीची वेणी सिंधूबाई घालत असती.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी टाके घालून येईल. त्याची जखम रोज उजेडात बघा. लाज वाटली तरी दाखवा, समोरच्याला संकोच वाटला तरी दाखवा. आणि माझ्यासारखं एखादं पांढरं भांडं घरात असेल, तर त्याला खुशाल घासा, चकचकीत करा. फक्त घासण्याआधी एकदा आत डोकावून बघा.