पाच पूर्णांक शून्य

२००६ सालचा पाडवा तीस मार्चला होता. त्याच्या आधीच्या रविवारी, सव्वीस तारखेला, आमच्या दवाखान्यात जे घडलं ते मला अजून तासातासाप्रमाणे आठवतं.

पिंपळवंडीच्या पुढे, रस्त्याला लागून, एका संस्थेचा दहा खाटांचा धर्मादाय दवाखाना होता. एक डॉक्टर, कुंडलिक नावाचा शिपाई आणि मी, प्रयाग सिस्टर. तरुणपणी मी डोंगरातल्या वाड्यांवर लशींचा डबा खांद्याला लावून हिंडले होते. बर्फ वितळायच्या आत वाडी गाठायची, एवढी एकच काळजी तेव्हा असायची. त्यामुळे दवाखान्यातल्या फ्रीजवर माझा फार जीव. दारावर मी एक पुठ्ठा टांगला होता आणि सकाळ-संध्याकाळ आतला पारा बघून पेन्सिलीनं आकडा लिहायचे. दोन ते आठ अंश. सर्पदंशाचं औषध त्याहून गरम राहिलं की हळूहळू निकामी होतं, आणि निकामी झालेली बाटली बऱ्याचदा चांगल्या बाटलीसारखीच दिसते. भीती तिथंच आहे.

माझ्या बहिणीची मुलगी प्राची पुण्यात संगणकाची नोकरी करायची. २००५ च्या दिवाळीत तिनं माझा पुठ्ठा बघितला आणि हसली. "मावशी, हे काम मशीन करील." तिनं फ्रीजमध्ये एक तारेचा थर्मामीटर ठेवला, तार संगणकाला जोडली आणि स्वतः एक प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी आकडा पडद्यावर यायचा, नोंद व्हायची, आठच्या वर गेला की घंटी वाजायची. रोज सकाळी आदल्या दिवसाचा कागद प्रिंटरमधून निघायचा. मी पुठ्ठा काढून ठेवला.

पंधरा दिवसांनी पडद्यावर काळी चौकट आली आणि तिच्यात इंग्रजीच्या वीसेक ओळी. आकडा थांबला. बाकड्यावरचे पेशंट माना वर करून बघायला लागले. "दवाखान्याचं मशीन बिघडलं," एकानं जाहीर करून टाकलं.

रविवारी प्राची आली. तिनं ओळी वाचल्या आणि म्हणाली, "प्रिंटर बंद होता, एवढंच."

"एवढ्यासाठी वीस ओळी? कुणी मेल्यासारखं ओरडतंय ते!"

"ओरडत नाही गं. याला एक्सेप्शन म्हणतात. चूक झाली की प्रोग्राम तिथल्या तिथे एक वस्तू तयार करतो. चिठ्ठी म्हण. चिठ्ठीत चुकीचा प्रकार असतो, काय झालं त्याचं एक वाक्य असतं, आणि कुठल्या ओळीत झालं, त्या ओळीला काम कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, अशी सगळी साखळी असते. मग ती चिठ्ठी खालून वर जाते. वाटेत कुणी पकडली तर त्यानं काय ते निस्तरायचं. कुणीच नाही पकडली तर प्रोग्राम थांबतो आणि चिठ्ठी जशीच्या तशी पडद्यावर येते."

"आणि पेशंट घाबरतात."

"घाबरू देत की. खरं आहे ते."

मला ते पटलं नाही. आमच्याकडे मयताचा निरोपसुद्धा कुणी सरळ देत नाही. माणूस गेलेला असला तरी निरोप्या सांगतो, 'जरा सिरियस हाय, लगेच निघा.' पुढच्याला रस्ता तरी नीट पार करता यावा म्हणून. मी प्राचीला म्हटलं, "ते इंग्रजी पुन्हा दिसता कामा नये. आकडा थांबताही कामा नये. आत्ता कर, मग जेवायला बस."

तिला पाचची एसटी गाठायची होती. तिनं दहा मिनिटांत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "झालं. आता चिठ्ठी आली की पकडायची आणि टाकून द्यायची. आकडा शेवटचा होता तोच दिसत राहील. पण मावशी, हे बरोबर नाही. मी फक्त प्रिंटरच्या चुका पकडायला हव्या होत्या, सगळेच प्रकार पकडलेत. पुढच्या वेळी नीट करते."

पुढच्या वेळी मी तिला आठवण केली नाही. तीही विसरली. पडदा शांत होता, मला तेवढंच हवं होतं.

त्या सव्वीस तारखेला सकाळी साडेसातला एक जीप दारात थांबली. कांदाकाढणीला पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेली माणसं होती. सोनीबाई नावाची पन्नाशीची बाई उतरली आणि तिनं नि ड्रायव्हरनं तिच्या सुनेला, रुपालीला, खाली घेतलं. बावीस वर्षांची पोर. पातीच्या ढिगात हात घातला आणि घोणस चावली. कोपरापर्यंत हात सुजला होता.

"बाई, लई मोठं जनावर व्हतं," सोनीबाई म्हणाली. "शिट्टी वाजवल्यावानी फुसकारलं. मी म्हनलं आधी दवाखाना, मग देव."

डॉक्टरांनी रुपालीचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उभी ठेवली. वीस मिनिटांनी ती कलती करायची. रक्त गोठलेलं असलं तर जागचं हलत नाही. आमच्या नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. मी फ्रीजमधून दहा बाटल्या काढल्या. हात इतके घाईत होते की बाटली गार आहे की नाही हे बोटांनी विचारलंच नाही. औषध सलाइनमधून गेलं. नऊ वाजले होते.

आता सहा तास थांबायचं, म्हणजे तीनला पुन्हा नळी. मधल्या वेळात सोनीबाई खाटेशेजारी खाली बसून होती. "पावणी आलीय तुमच्याकं, नीट बघा," ती मला चेष्टेनं म्हणायची, आणि सुनेला दटावायची, "झोपून ऱ्हा गं, एवढा आराम तुला माहेरात बी मिळला नसंल." रुपाली हसली तेव्हा तिच्या हिरड्यांवर रक्ताची रेघ दिसली.

तीन वाजता नळी कलती केली. रक्त वाहिलं. सकाळपेक्षा पातळच.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोस कमी पडला असेल. आणखी दहा देऊ. फ्रीज ठीक आहे ना, सिस्टर?"

मी पडद्याकडे बघितलं. ५.०. "ठीक आहे, सर," मी म्हणाले आणि फ्रीज उघडला. आतून गार हवा आली नाही. बाटली हातात घेतली. ती कोमट होती.

पडदा म्हणत होता पाच. माझा हात म्हणत होता नाही. मी आयुष्यभर हातावर विश्वास ठेवला होता आणि गेले चार महिने पडद्यावर.

रविवार होता म्हणून प्राची पुण्याहून गावी, आईकडे आली होती. फोन केला. ती दहा मिनिटांत स्कूटीवरून आली. बाटली तिच्या हातात दिली तशी ती पांढरी पडली. खुर्चीत बसली, चिठ्ठ्या टाकून देणारा, मी घालायला लावलेला तो भाग तिनं काढला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. लगेच काळी चौकट आली. तशाच इंग्रजी ओळी.

"वाच," मी म्हणाले.

"थर्मामीटर उत्तर देत नाहीये. आकडा वाचणाऱ्या ओळीत चूक झालीय. तिला काम दर पाच मिनिटांच्या घड्याळानं सांगितलं." तिचं बोट ओळीओळीवरून खाली सरकत होतं. "मावशी, ही चिठ्ठी दर पाच मिनिटांनी येत असणार. दर पाच मिनिटांनी आपण ती फेकली."

"कधीपासून?"

ते चिठ्ठीतून कळेना, कारण जुनी एकही उरली नव्हती. तिनं नोंदी उघडल्या. बुधवारी सकाळपर्यंत आकडे हलत होते, ४.६, ५.२, ४.९. दहा चाळीसपासून एकच. ५.०, ५.०, ५.०. पानामागून पान. खरा फ्रीज इतका स्थिर कधीच नसतो.

बुधवारी काय झालं? मी कुंडलिकला हाक मारली. तो दारात उभा राहिला. "पाडव्याला संस्थेची मान्सं येनार म्हनून चुना मारला न्हवं का, सिस्टर. फ्रीज ह्या भितीवरनं त्या भितीला सरकवला. मीच सरकवला."

थर्मामीटरची तार फ्रीजमागे सुटून पडली होती. आणि फ्रीजचा प्लग इन्व्हर्टरच्या खटक्याऐवजी साध्या खटक्यात होता. त्या वर्षी आमच्याकडे रोज बारा-बारा तास लोडशेडिंग. पत्र्याखालच्या त्या खोलीत औषध चार दिवस तापत होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुण्याला हलवायचं. आत्ता." कागदावर त्यांनी लिहिलं, 'सर्पदंशाचं औषध, दहा बाटल्या दिल्या.' पेन खाली ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीचं नंतर बघू, सिस्टर. दवाखाना बंद पडेल. तुमची नोकरी, माझी सनद. कळतंय ना?"

मला कळत होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

सकाळचीच जीप होती. मागे रुपाली सोनीबाईच्या मांडीवर, शेजारी मी, हातात सलाइनची बाटली. मंचर गेलं. रुपालीनं ओकारी काढली, तिच्यात रक्त होतं. पेठच्या घाटात मालट्रकांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. मी तिची नाडी धरून होते आणि मनात एकच हिशोब चालला होता. पुण्यातले डॉक्टर कागद वाचतील. दहा बाटल्या दिल्यात म्हटल्यावर सहा तास मोजतील, नळी बघतील, मग पुढचा डोस ठरवतील. मेलेलं औषध ते जिवंत म्हणून धरतील. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

"सिस्टर," सोनीबाई म्हणाली, "तुमी दुसरं विंजेक्शन का न्हाई दिलं? सपलं व्हतं का?"

'हो' म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती. माझ्या तोंडात 'हो' आलंही होतं.

"संपलं नव्हतं. खराब झालं होतं. सकाळी दिलं तेही खराबच असणार. मशीन बिघाड झाल्याचं सांगत होतं आणि ते दिसू नये म्हणून मीच व्यवस्था केली होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मंग तितं सांगा," ती म्हणाली. "मला काय सांगता? तितं सांगा. न्हाई सांगितलं तर मी न्हाई सोडायची तुमाला."

सहाला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. कागद वाचून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा गेल्यात? मग आधी टेस्ट करू, वाट बघू."

"गेल्या नाहीत असं समजा," मी म्हणाले. आणि मी सगळं सांगितलं. काय झालं, फ्रीजमध्ये झालं, बुधवारी दहा चाळीसपासून झालं. फ्रीज कुणी हलवला, आकडा कुणी न पडताळता सांगितला, प्रोग्रामला गप्प कुणी केलं, कागदावर काय लिहायचं राहिलं. माझं नाव त्यात दोनदा आलं.

त्यांनी सगळं उतरवून घेतलं, एकदाही वर बघितलं नाही. मग नर्सला ओरडून सांगितलं, "नव्यानं सुरुवात. पूर्ण डोस."

रात्री एकच्या नळीत रक्त गोठलं.

तरीही रुपालीची मूत्रपिंडं बंद पडलीच. सहा आठवडे तिनं पुण्यात काढले, नऊ वेळा यंत्रावर रक्त शुद्ध केलं, मग ती सुधारली. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तिला पुढे एक मुलगी झाली.

सोनीबाईनं तक्रार केली, आणि ती करावीच असं मी तिला सांगितलं होतं. २०११ साली ती डोंगरातच वारली. मी दहाव्याला गेले होते. कुणी मला ओळखलं नाही.

डॉक्टरांची चौकशी झाली, ताकीद मिळाली. ते नाशिककडे निघून गेले आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. कुंडलिकला संस्थेनं लगेच काढलं. मी त्याच्यासाठी भांडले, उपयोग झाला नाही. तो पारगावच्या बाजूला एका रोपवाटिकेत लागला आणि तिथंच राहिला. दवाखाना २००९ ला बंद झाला. मला मात्र २००६ च्या एप्रिलमध्येच घरी पाठवलं होतं.

प्राची अजून तेच काम करते. आता तिच्या हाताखाली वीसेक मुलं आहेत. कुणी चूक पकडून टाकून दिलेली दिसली की ती त्याला शेजारी बसवते आणि रुपालीचं नाव घेऊन ही गोष्ट सांगते. माझं नाव ती गाळायची. मीच तिला सांगितलं, गाळू नकोस.