हाल्सवार्डची शिरगणती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी खेरीट माणसं मोजायला यायचा. यंदा तो दारात उभा राहण्याआधी मृणालिनीला एक ठरवायचं होतं: आपली आई गेली, हे त्याला सांगायचं की नाही.

आता कोणी म्हणेल, त्यात ठरवायचं काय? गेलेलं माणूस गेलं. अहो, इतकं सोपं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

हाल्सवार्ड म्हणजे वाल नदीच्या बांधामागचं टीचभर गाव, नायमेखन या डच शहरापासून सायकलने पाऊण तास. १८४९ साली बांध फुटला आणि निम्मं गाव वाहून गेलं. पाणी ओसरल्यावर पाद्र्याने घरोघर जाऊन कोण उरलं ते वहीत लिहिलं. तेव्हापासून दरवर्षी ही शिरगणती होते. खेमेंटे, म्हणजे तिथली नगरपालिका, कॉम्प्युटरात सगळ्यांची नोंद ठेवतेच. पण गाव तिला विचारतं कुठे! वही सांभाळणारा, म्हणजे आता खेरीट, दार वाजवतो आणि एकच विचारतो, "घरात किती जण?" वर्षभरात जे गेले, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा वाजते. एका माणसाला एक ठोका.

नऊ वर्षांपूर्वी मृणालिनीला इथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नवरा चंद्रहास नायमेखनच्या चिप कंपनीत गेलेला, कडेवर तीन वर्षांची नीरजा, आणि दारात हा सहा फुटी म्हातारा. घरात किती जण?

"चार," ती बेधडक म्हणाली. "मी, माझे मिस्टर, मुलगी आणि आई."

आई मिरजेला भावाकडे. तिने तर पासपोर्टही काढलेला नव्हता. पण घरातली माणसं मोजायची आणि आईला वगळायचं? आपल्यात कोणी वगळतं का? वडील गेल्यापासून मृणालिनी आईला धरूनच मोजत आली होती. खेरीटने नाव विचारलं, तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, त्याने लिहिलं. पुढे दरवर्षी तो विचारायचा, "चार, ना?" तिला वाटायचं, काय सभ्य माणूस आहे, घरच्या सगळ्यांची विचारपूस करतो! आणि ती म्हणायची, "हो, चार. सगळे मजेत."

ती आई जूनमध्ये गेली. दुपारचा चहा ठेवायला उठली, ओट्यापाशी कोसळली, ती गेलीच. मृणालिनी पोचली तिसऱ्या दिवशी. भाऊ शशिकांत थांबायला तयार होता, पण मंडळींनी ऐकलं नाही. तिला दिसली ती ओट्यावर पालथी घातलेली आईची कपबशी, बस. तोंड पाहायला मिळालं नाही. परत आली तेव्हा हाल्सवार्डमध्ये तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणाला? इथे आईला पाहिलं होतं कोणी? मिरजेला नाही आणि इथेही नाही, ती रडलीच नाही.

मिरजेला ती कॉलेजात इतिहास शिकवायची, हे खेरीटला माहीत होतं. ऑक्टोबरात त्याने तिच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. पुरानंतर गावातले त्रेचाळीस जण अमेरिकेला गेले होते. मिसिसिपी नदीच्या काठी त्यांनी न्यू हाल्सवार्ड वसवलं. पाण्याने बुडवलेली माणसं पुन्हा पाण्याकाठीच जाऊन बसली, काय म्हणावं! या गावाचा इतिहास चर्चमधल्या फलकासाठी मृणालिनीने लिहायचा होता.

ती बसली लिहायला. नदीतले शिंपले काढून त्यातून शर्टाची बटणं कापायचे कारखाने तिथे निघाले आणि गावाची वस्ती सहाशे बारावर गेली. मग शिंपले संपले, प्लास्टिकची बटणं आली. नवा पूल झाला तो शेजारच्या गावाला. दोनशे. एक मोठा पूर येऊन गेला, अठ्ठ्याऐंशी. शाळा बंद झाली, एकतीस. गठ्ठ्यात सगळ्यात वर मार्लीन नावाच्या तिथल्या कारकून बाईंचं पत्र होतं. "आता आम्ही सात जण आहोत. डिसेंबरात आमच्या गावाचं नाव सरकारी यादीतून निघेल. आम्ही इथेच राहू, पण आम्हाला मोजणारं कोणी नसेल."

हे शेवटचं वाक्य मृणालिनीच्या जिव्हारी लागलं.

आकडे ताडून पाहायला खेरीटने वहीही दिली होती. पानं उलटता उलटता तिला आपलं घर सापडलं. चार नावं. मृणालिनी, चंद्रहास, नीरजा, इंदुमती ताम्हनकर. नऊच्या नऊ वर्षं. आणि प्रत्येक वर्षाच्या तळाशी खेरीटच्या हातची टीप: खेमेंटेचा आकडा एकने कमी. दरवर्षी कॉफी पिताना तो छाती काढून सांगायचा, "यंदाही खेमेंटे चुकली!" गाव हसायचं, तीही हसायची. आत्ता तिला उलगडलं. तो एक म्हणजे माझी आई!

"अगं, मग सांगून टाक ना," चंद्रहास म्हणाला. "चूक झाली म्हणावं. खोडतील आणि विषय संपेल."

"चूक म्हणून खोडतील, चंद्रहास. गेली म्हणून नाही."

"मग काय, खोटं बोलणार आहेस?"

मृणालिनीने वही मिटली. नुसतं "हो, चार" म्हटलं की झालं. जगात कुठे नाही, पण या एका वहीत तरी आई आणखी एक वर्ष जिवंत राहील. इतिहास शिकवलेली बाई मी, असा विचार माझ्या मनात येतोच कसा, असं म्हणून तिने स्वतःला फैलावर घेतलं. तरी तो विचार काही जाईना.

शनिवारी अकरा वाजता दार वाजलं. खेरीट टोपी काढून उभा. आता वय एक्याऐंशी, पण पाठ ताठ.

"चार, ना?"

तोंड उघडलं तेव्हासुद्धा तिला माहीत नव्हतं आपण काय बोलणार. "तीन," ती म्हणाली.

मग धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. आई गेली, जूनमध्ये गेली, मला तोंड दिसलं नाही. आणि ती इथे कधी नव्हतीच, खेरीट, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, नऊ वर्षं तुमची वही माझ्यामुळे चुकीची आहे.

खेरीट आत आला, टेबलाशी बसला. "तीनशे माणसांचं गाव हे," तो म्हणाला. "नऊ वर्षांत एक म्हातारी कधी बांधावर फिरताना दिसली नाही. मला काय डोळे नाहीत?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्याने पिशवीतून आणखी एक वही काढली, सगळ्यात जुनी. तिच्यातलं वळणदार डच मृणालिनीला कधी लागलं नव्हतं. त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. त्रेन नावाची एक विधवा. मुलगा दिर्क न्यू हाल्सवार्डला गेलेला. दरवर्षी पाद्री विचारायचा, घरात किती जण? ती म्हणायची, दोघं. एकतीस वर्षं पाद्र्याने दोन लिहिलं. मग दिर्क तिकडे नदीत बुडाल्याचं पत्र आलं, आणि इथे त्याच्यासाठी घंटा वाजली.

"घरात किती जण हे घरातलं माणूस सांगतं," खेरीट म्हणाला. "मी फक्त लिहितो. आता नाव नीट सांग. उद्या मला मोठ्याने वाचायचंय."

"इंदुमती."

"इंदूमाती."

"मती. आखूड." त्याने सात-आठदा घोकलं. आत सोफ्यावर बारा वर्षांची नीरजा पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. तिथून तिने डचमध्ये त्याला दोनदा सुधारलं.

रविवारी चर्चमध्ये पाच नावं वाचली. चौघं गावातले. पाचवं नाव खेरीटने कागदाकडे न बघता घेतलं, "इंदुमती ताम्हनकर, मिरज," आणि घंटेचा एक ठोका पडला. सगळं चर्च उठून उभं राहिलं. आईला कधीही न पाहिलेली ती माणसं तिच्यासाठी मान खाली घालून उभी होती. जूनपासून अडकलेलं मृणालिनीचं रडू तेव्हा सुटलं. चंद्रहासने तिला धरलं आणि पोटभर रडू दिलं.

नंतर कॉफीच्या वेळी खेरीटने वही तिच्यासमोर ठेवली. इंदुमती या नावावर त्याने एक सरळ रेघ ओढलेली होती, बाजूला जूनची तारीख. तळाशी लिहिलं होतं: वही ३१०, खेमेंटे ३१०.

"जुळलं," मृणालिनी म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच जुळलं होतं.

खेरीटने त्या आकड्यावर बोट टेकवलं. मग त्याने पेन तिच्या हातात दिलं. "ते मार्लीनबाईंचं पत्र आहे ना तुझ्याकडे? त्यात सातही जणांची नावं आहेत. त्यांना आता मोजणारं कोणी नाही म्हणतात. तुझ्या पानावर जागा आहे."

तिने पर्समधून पत्र काढलं. डोळे पुसले आणि नीरजाच्या नावाखाली, आईच्या रेघेखाली एकेक नाव लिहीत गेली. सातवं लिहून झाल्यावर तिने तळाचा आकडा खोडला आणि ३१७ केला.

"खेमेंटे चुकली," ती म्हणाली. "यंदा तर सातने."