बेल्याच्या मंडपातला पियानो

देवळासमोर ट्रक थांबला आणि गाद्यांत गुंडाळलेलं, पाय काढून आडवं केलेलं ते काळं धूड उतरू लागलं, तशी मथुराबाईंच्या काळजाने ठावच सोडला.

"माय वो! कोणाच्या घराचा ओटा उचलून आणला का काय यायनं?"

"पेटीचा आजा हाय तो," मंडपात वीणा धरणारे दादाजी म्हणाले. "आपली पेटी त्याच्यापुढं तान्ही पोर."

बेल्याचा विठोबाचा मंडप सगळा सागवानी. त्यात कीर्तनकाराला माइक लागत नाही. हळू म्हटलेला अभंगसुद्धा वरच्या वाशांना लागून मऊ होऊन खाली येतो. हाच आवाज कानांत साठवून मथुराबाईंची नात हर्षाली लहानाची मोठी झाली, व्हायोलिन शिकायला हैदराबादेला गेली, आणि आता पियानो, व्हायोला, चेलो वाजवणाऱ्या तिघांना घेऊन परत आली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाची रचना, तिचं नवं रेकॉर्डिंग करायचं होतं. हर्षालीचं हे पहिलंच. पियानो संध्याकाळी परत जाणार, म्हणजे जे व्हायचं ते आजच.

खिडक्यांत कापसाची बोचकी कोंबली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या. हर्षालीचा बाप प्रवीण दुकान बंद करून रस्त्यावर दुपट्टा हलवत मोटारसायकली अडवू लागला. मंडपात वाजवणारे, रेकॉर्डिंगच्या सुनयना मॅडम, आणि कोपऱ्यात मथुराबाई. बाकी गाव बाहेर पारावर.

"आजी खांसेंगी तो?" मॅडमनी विचारलं होतं.

"माझी आजी कीर्तनात खोकत नाही," हर्षाली म्हणाली होती.

ते खरंच होतं. मथुराबाई खडीसाखर दाढेखाली ठेवून मूर्तीसारख्या बसल्या. सुरुवातीला त्यांना काही उमगेना. मग हळूहळू वाटलं, पियानो बुवांसारखं निरूपण सांगतोय, चेलो मागून हुंकार देतोय, आणि आपली हर्षू धृपद धरून आहे. शेवटचा भाग तर इतका संथ, की त्यांचे डोळे आपोआप मिटले आणि गालांवरून पाणी आलं. हर्षालीचा सूर बारीक होत होत वाशांकडे निघाला. बाकी तिघे थांबले. सूर एकटाच राहिला.

बेल्यात एक रीत आहे. कीर्तन मुकं उठू द्यायचं नाही. बुवांचा शेवटचा शब्द विरायच्या आत कोणीतरी उचलून धरायचा. तो उचलायचा मान कित्येक वर्षं मथुराबाईंचा. त्यांनी छातीभरून श्वास घेतला.

"बोलाऽ पुंडलिक वरदे हाऽरी विऽठ्ठल!"

आणि बाहेर पारावरून अख्ख्या गावाने, दादाजींनी सगळ्यांत मोठ्याने, सवयीने उत्तर दिलं.

मंडप दणाणून गेला. मग जे शांत झालं, तसं शांत मथुराबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. मॅडमनी कानावरचं यंत्र ओढून काढलं. हर्षालीचा गज तारेवर तसाच, चेहरा पांढराफटक.

मथुराबाईंनी तोंडात पदर कोंबला. नातीचं पहिलं काम आपण आपल्या तोंडाने मारलं! त्या बाहेर आल्या आणि विहिरीपलीकडे जाऊन बसल्या. आत पुन्हा वाजलं. त्यांनी कान झाकून घेतले.

पियानो ट्रकवर चढवताना हर्षाली आली. "झालं आजी. नीट झालं." पण ती नजरेला नजर देत नव्हती.

त्यानंतर मथुराबाई कीर्तनाला जात; पण जयघोष नाही. बुवा शेवटाला थांबून त्यांच्याकडे बघत, त्या जमिनीकडे. मग दादाजी आपल्या फाटक्या आवाजात कसंबसं उचलत. "मथुराबाई, माह्या गळ्याचं भरीत करून राह्यल्या तुमी," ते चिडून म्हणत.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा हर्षाली रेकॉर्डिंग घेऊन आली. प्रवीणच्या दुकानात पोत्यावर आजीला धरून बसवलं, दादाजी आले, स्पीकर लावला. मथुराबाई माळ मुठीत आवळून बसल्या. शेवटचा भाग आला. सूर बारीक झाला, एकटा राहिला, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी छातीभरून श्वास घेतला.

पुढे काही नाही. संपलं.

मथुराबाई पोत्यावरून अर्ध्या उठल्या. "हर्षू! हे... हे तर मी!"

"तूच."

"अन् दुसऱ्या वक्ती वाजवलं ते?"

"ते स्वच्छ होतं. पण आमी चौघांनीही भेदरून वाजवलं, आजी. कधी संपते असं झालं होतं. मॅडमनी पहिलंच घेतलं. तुझा शब्द निघाला तिथून कापलं."

"मग श्वास काऊन ठेवला वं?"

"श्वासाखाली माझा सूर विरत होता, श्वासासंगंच संपला. श्वास कापला असता तर सूरही तुटला असता. तू सूर संपायची वाट कुठं पाहतेस?"

मथुराबाईंनी स्पीकरकडे बोट केलं. "लोक ऐकतील हे? परदेशात?"

"ऐकून राह्यले."

"अन् श्वासापुढं काय, ते त्यायले माहीतच नाही?"

"नाही."

"बाप्पा बाप्पा! मुकंच उठते म्हणा सगळं." त्यांना हे ऐकवेना. आपल्या चुकीपेक्षाही हा धक्का मोठा होता. "लाव पुन्हा. शेवटचंच लाव."

सूर बारीक झाला. स्पीकरमधल्या श्वासाबरोबर पोत्यावरच्या म्हातारीची छाती भरली. दादाजींनी घाईघाईने टोपी सारखी केली, कारण आता उत्तर द्यायचं होतं.